विजेच्या टपालाची कीर्द



१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणांतून सहजासहजीं जाईल असें वाटत नाहीं. सोमवार होता. सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची आणि तिच्या आसपासच्या उपनगरांची वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि साथीच्या त्या दिवसांत घरीं बसून काम करणाऱ्यांच्या हातांतील काम अर्ध्यावर राहिलें. त्या वेळीं मी शहरांतील एका धर्मादाय संस्थेच्या कचेरींत होतों. गरजू रुग्णांना औषधोपचारासाठीं पैशाची मदत करणें हें तिचें काम. साथीमुळें अर्ज घेऊन समक्ष येणें लोकांना शक्य नव्हतें. म्हणून सगळे अर्ज ईमेलनें येत. रुग्णालयाचें खर्चाचें अंदाजपत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी, शिधापत्रिकेची नक्कल हें सर्व त्या पत्रांनाच जोडलेलें असे. आणि हीं पत्रें संस्था स्वतःच्याच एका यंत्रांत, मागल्या लहानशा खोलींत ठेवलेल्या सर्व्हरमध्यें सांभाळीत असे.

वीज गेल्यावर बॅटरीनें यंत्रास थोडा वेळ धीर दिला. बॅटरी संपत आली म्हणजे तिनें सर्व्हरला तशी सूचना द्यावी, आणि सर्व्हरनें आपला पसारा आवरून शिस्तीनें बंद व्हावें, अशी योजना असते. आमच्याकडील बॅटरी जुनी झालेली होती, आणि सूचना पोंचविणारी तार कधीं तरी साफसफाईच्या वेळीं काढली होती ती पुन्हां कोणीं जोडलीच नव्हती. वीस मिनिटांनीं सर्व्हरचा पंखा थांबला. दुपारीं वीज परत आली, यंत्र सुरू झालें, दिवे लागले. पण टपालाचा डेटाबेस कांहीं केल्या उघडेना. पडद्यावर पुन्हां पुन्हां एकच आंकडा येई: वजा ५२८.

संस्थेचे हिशेबनीस माझ्या मागें उभे होते. त्यांनीं शांतपणें विचारलें, “किती पत्रें गेलीं?”

या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. तें द्यावयाचें तर आधीं पत्रें यंत्रांत असतात कशीं, हें पाहिलें पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, टपालाच्या यंत्रांत एकेक पत्र पाकिटासारखें सुटें ठेवलेलें असतें. कांहीं व्यवस्थांत तसें असतेंही. परंतु आमच्या कचेरींत होती ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची एक्स्चेंज नांवाची व्यवस्था. १९९६ सालीं ती प्रथम विक्रीस आली, आणि तेव्हांपासून तिची रीत निराळी आहे. तिच्यांत एका डेटाबेसावर नोंदलेल्या सर्व माणसांचीं सर्व पत्रें एकाच प्रचंड फाइलींत राहतात. ही फाइल म्हणजे सारख्या मापाच्या पानांची एक वही समजा. २०१० च्या आवृत्तीपासून तिचें एकेक पान ३२ किलोबाइटांचें आहे. आमची वही ८० गिगाबाइटांची होती; म्हणजे तिचीं पानें सव्वीस लाखांच्या वर भरत होतीं.

आतां एक पत्र आलें तर एकच पान लिहून भागत नाहीं. मजकूर एका पानावर, जोडलेले कागद आणखी कांहीं पानांवर, आलेल्या पत्रांच्या यादींत एक नोंद, न वाचलेल्या पत्रांच्या संख्येंत एकाची भर. शिवाय तारखेनें किंवा पाठविणाराच्या नांवानें पत्र शोधतां यावें म्हणून ज्या अनुक्रमणिका ठेवलेल्या असतात, त्यांतही फेरफार. एखादें पान भरून गेलेलें असेल तर त्याचे दोन भाग करून अर्धा मजकूर नव्या पानावर न्यावा लागतो, आणि त्या पानाचा पत्ता ज्या वरच्या पानावर आहे तेंही बदलावें लागतें. आपण पडद्यावर “एक नवें पत्र” एवढींच अक्षरें पाहतों. आंत मात्र वहीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील कितीतरी पानें हललेलीं असतात.

तबकडीवर इकडे तिकडे जाऊन पान लिहिणें हें यंत्राच्या दृष्टीनें फार सावकाशीचें काम आहे. म्हणून हे बदल आधीं यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत केले जातात, आणि मग सवडीनें, अनेक बदल एकत्र साठवून, तीं पानें तबकडीवर उतरविलीं जातात. ही स्मृति विजेवर जगते. वीज गेली कीं ती कोरी. तेव्हां सर्व्हर बंद पडला त्या क्षणीं तबकडीवरील वहीची अवस्था अशी होती कीं, एखाद्या पत्राची यादींतील नोंद उतरली आहे, पण मजकुराचें पान उतरलेलें नाहीं. दुसऱ्या एखाद्याचा मजकूर उतरला आहे, पण त्याकडे जाण्याची खूण कोठेंच नाहीं. अशा वहीला तंत्रज्ञ “डर्टी शटडाउन” झालेली म्हणतात. नांव ऐकून माणूस दचकतो. पण त्याचा अर्थ वही फाटली असा नव्हे. ती अर्धवट चढविलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग पत्रें वाचतात कशीं? येथें आपल्याकडील जुन्या पेढीची आठवण केली तर गोष्ट चटकन ध्यानांत येईल. पेढीवर मुख्यतः दोन वह्या असत. कीर्दींत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमानें टिपायचे, आणि मग सवडीनें एकेक रक्कम खतावणींत त्या त्या खात्यावर चढवायची. खतावणी मांडणीची, हवें तें खातें लगेच काढून देणारी. कीर्द ओबडधोबड, पण वेळच्या वेळीं लिहिलेली. खतावणी चढवितां चढवितां दिवाणजी आजारी पडला, तर दुसरा कोणी बसून कीर्दीवरून ती पुरी करूं शकतो. टपालाच्या यंत्रांत सव्वीस लाख पानांची ती वही म्हणजे खतावणी. तिच्याशेजारीं यंत्र एक कीर्दही ठेवतें. तिला “लॉग” म्हणतात.

या कीर्दीचा नियम कडक आहे. खतावणीचें कोणतेंही बदललेलें पान तबकडीवर उतरण्यापूर्वीं त्या बदलाची नोंद कीर्दींत उतरलेली असली पाहिजे. आणि व्यवहार पुरा झाला असें म्हणण्यापूर्वीं त्याची कीर्द तबकडीवर पक्की झालेली असली पाहिजे. कीर्द लिहिणें जलद होतें, कारण तींत शोधाशोध नाहीं. शेवटल्या ओळीखालीं पुढली ओळ लिहावयाची, इतकेंच. पेढीच्या कीर्दीहून ही एका बाबतींत अधिक सावध असते: नवें काय लिहिलें याबरोबरच, अर्धवट राहिलेला व्यवहार मागें घेण्यासाठीं पूर्वीं काय होतें याचीही सोय ती ठेवते.

ही युक्ति एका माणसाची नव्हे. परंतु तिचें शास्त्र ज्यांनीं बांधलें त्यांत जिम ग्रे यांचें नांव अग्रभागीं येतें. १९७० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत “सिस्टिम आर” नांवाचा डेटाबेस तयार होत होता. तेथें ग्रे व त्यांचे सहकारी यांनीं व्यवहार म्हणजे काय, तो अर्ध्यावर तुटला तर काय करावें, या प्रश्नांचा कसून विचार केला. १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक ग्रे यांस मिळालें. पुढें २८ जानेवारी २००७ रोजीं आपल्या आईच्या अस्थि समुद्रांत विसर्जन करण्यासाठीं ते शिडाच्या होडींतून सॅन फ्रान्सिस्कोबाहेर एकटे गेले ते परत आलेच नाहींत. या शास्त्राची पुढची मोठी पायरी १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. “एरीज” नांवाची ती पद्धति मांडणाऱ्या मंडळींत अग्रणी होते सी. मोहन, मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी. डेटाबेस पडला कीं तो कोणत्या क्रमानें उभा करावा, याची आज पाठ्यपुस्तकांत शिकविली जाणारी रीत बव्हंशीं त्याच निबंधावरून आलेली आहे. आणि ही कांहीं केवळ मोठ्या कचेऱ्यांची गोष्ट नव्हे. आपल्या फोनमध्यें जो एस. क्यू. लाइट नांवाचा चिमुकला डेटाबेस असतो, त्यालाही २०१० पासून अशी पुढें लिहावयाची कीर्द ठेवतां येते.

आतां एक्स्चेंजची कीर्द कशी असते तें पाहूं, कारण आमची अडचण तेथेंच होती. ती एक अखंड वही नसून लहान लहान पुस्तकांची माळ असते. २००७ पूर्वीं एकेक पुस्तक ५ मेगाबाइटांचें असे. त्या आवृत्तीपासून तें १ मेगाबाइटाचें झालें. चालू पुस्तकाचें नांव साधारणतः “ई शून्य शून्य”. तें भरलें कीं त्यावर क्रमांक पडतो आणि त्याच नांवाचें नवें कोरें पुस्तक उघडतें. याशिवाय “चेकपॉइंट” नांवाची एक इवलीशी फाइल असते. कीर्दींतील कोणत्या ओळीपर्यंतचे व्यवहार खतावणींत खात्रीनें चढले आहेत, याची ती खूण.

सर्व्हर अवचित बंद पडून पुन्हां सुरू झाला म्हणजे तो आधीं खतावणीच्या पहिल्या पानावरची नोंद पाहतो. ती अर्धवट दिसली तर तो चेकपॉइंटची खूण काढतो आणि तेथून कीर्दींतील एकेक ओळ क्रमानें पुन्हां चढवूं लागतो. प्रत्येक पानावर त्याच्या शेवटच्या बदलाचा क्रमांक लिहिलेला असतो. म्हणून पान आधींच नवें झालेलें असेल तर ती ओळ सोडून द्यावयाची, जुनें असेल तर चढवावयाची. एकच रक्कम दोनदां चढण्याची भीति त्यामुळें राहत नाहीं. या कामाच्या मध्येंच पुन्हां वीज गेली तरी बिघडत नाहीं. पुनश्च पहिल्यापासून आरंभ करावयाचा. कीर्द संपली म्हणजे जे व्यवहार वीज जातांना अर्धवट होते ते उलट क्रमानें काढून टाकावयाचे. हें सर्व बहुतेक वेळां आपोआप, कोणी हात न लावतां, कांहीं मिनिटांत होऊन जातें, आणि कचेरींतल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाहीं.

एके ठिकाणीं मात्र हा सारा डोलारा दुसऱ्याच्या शब्दावर उभा आहे. “कीर्द तबकडीवर पक्की झाली” हें सर्व्हरला सांगतें कोण? तबकडी आणि तिचें नियंत्रक. कांहीं नियंत्रकें वेग दाखविण्यासाठीं मजकूर स्वतःच्या स्मृतींत ठेवून “लिहिलें” अशी पावती आधींच देऊन टाकतात. त्या स्मृतीला स्वतःची बॅटरी असेल तर ठीक. नसेल तर ती पावती खोटी ठरते, आणि मग कितीही शास्त्रशुद्ध कीर्द असली तरी शेवटच्या ओळी हवेंत विरतात. सर्व्हर विकत घेतांना या बॅटरीची चौकशी करणारा गिऱ्हाईक मला फारसा भेटलेला नाहीं.

आमच्याकडे ती बॅटरी होती. तरीही वजा ५२८. या आंकड्याचा अर्थ असा कीं, कीर्दीचें एक पुस्तक जागेवर नाहीं.

अशा वेळीं हाताशीं एक उपाय असतो, आणि त्याचें नांव मोठें मोहक आहे: “दुरुस्ती”. एक्स्चेंजबरोबर येणाऱ्या ईएसई-युटिल नांवाच्या साधनाला “पी” हें एक अक्षर दिलें कीं, ही दुरुस्ती सुरू होते. कीर्द लागत नाहीं, शोधाशोध नको, आणि शेवटीं डेटाबेस उघडतो. माझी बोटें तिकडे कां गेलीं नाहींत, हें सांगावयाचें तर चौदा वर्षें मागें जावें लागेल.

२००६ सालीं दुसऱ्या एका कचेरींत माझ्याकडे हेंच काम होतें. तेथील सर्व्हरची तबकडी भरत आली होती. ज्या कचेरींत नियमानें पूर्ण बॅकअप घेतला जातो, तेथें बॅकअप झाल्यावर जुनीं कीर्दीचीं पुस्तकें यंत्र आपण होऊन काढून टाकतें. जेथें घेतला जात नाहीं, तेथें त्यांचा ढीग वाढतच जातो. आमच्याकडे कित्येक आठवडे बॅकअप झालेला नव्हता. एकाच मापाच्या त्या शेंकडों फाइली पाहून मला त्या अडगळीसारख्या वाटल्या, आणि जागा करण्यासाठीं मीं त्या पुसून टाकल्या. जुन्याच नव्हे, तर घाईंत नुकत्या भरलेल्याही. त्याच आठवड्यांत वीज गेली. डेटाबेस उघडेना. साहेब खोलींत येरझारा घालीत होते. मीं “पी” दिलें.

त्या दुरुस्तीनें काय केलें तें नंतर समजलें. ती पत्रांचा अर्थ जाणत नाहीं. ती फक्त पानें पाहते. जें पान तिला नियमांत बसत नाहीं तें काढून टाकते, आणि उरलेल्या पानांची सुसंगत वही बांधते. त्या पानावर कोणाचें पत्र होतें, कशाची यादी होती, याच्याशीं तिला कर्तव्य नाहीं. शिवाय दुरुस्त झालेली वही कीर्दीच्या लेखीं परकी होते. मागाहून हरवलेलीं पुस्तकें सांपडलीं तरी तीं तिच्यावर चढत नाहींत. रात्रभरानें डेटाबेस उघडला, सगळ्यांचीं नांवें दिसलीं, साहेबांनीं पाठ थोपटली. दोन दिवसांनीं एकेकजण येऊं लागला. कोणाचें एक दप्तर रिकामें होतें, कोणाचें पत्र दिसे पण उघडत नसे, कोणाचीं जोडपत्रें गेलेलीं. वाईट तें हें कीं, काय गेलें याची यादी करण्याचा मार्गच उरला नव्हता. ज्याला आठवलें त्यानें सांगितलें. न आठवलेल्यांचें काय?

म्हणून २०२० सालच्या त्या दुपारीं मीं प्रथम काय केलें असेल तर टपालाची सेवा बंद केली, आणि वही, कीर्दीचीं सर्व पुस्तकें व चेकपॉइंट यांची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या तबकडीवर काढली. त्यांत पाऊण तास गेला. हिशेबनिसांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटला असावा. पण मूळ जिनसेवर प्रयोग करावयाचे नाहींत हें मीं फार महाग शिकलों होतों. मग ईएसई-युटिलकडून वहीचें पहिलें पान वाचून घेतलें. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात: वही स्वच्छ बंद झाली कीं अर्धवट, आणि अर्धवट असेल तर ती पुरी करण्यास कीर्दीचीं कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचीं पुस्तकें हवींत. आम्हांला एकवीस पुस्तकें हवीं होतीं. वीस जागेवर होतीं, आणि तपासणींत तीं निर्दोष निघालीं. एकविसावें, म्हणजे वीज जातांना उघडें असलेलें चालू पुस्तक, नव्हतें.

तबकडीच्या दोषानें एखादें पान किंवा पुस्तक नासतें. परंतु संबंध फाइल नांवनिशाणासह नाहींशी होते ती बहुधा कोणीं तरी हलविल्यामुळें. कचेरींत मोजकीं चार माणसें. त्यांपैकीं कोणी सर्व्हरच्या खोलींत गेलेलें नव्हतें. उरला तो यंत्रांतलाच पहारेकरी. व्हायरस शोधणारा जो प्रोग्राम होता त्याला टपालाच्या वहीकडे व कीर्दीकडे न पाहण्याची ताकीद द्यावी लागते. ती आमच्याकडे दिलेली नव्हती. यंत्र सुरू होतांच त्यानें सगळ्या फाइली चाळल्या. कीर्दींत येणाऱ्या पत्रांचे तुकडे जसेच्या तसे असतात. त्यांतल्या कोणत्या तरी तुकड्यांत त्याला ओळखीचें विष दिसलें, आणि त्यानें आख्खें पुस्तक उचलून आपल्या कोठडींत टाकलें. कोठडीची यादी उघडली तेव्हां पहिलेंच नांव होतें “ई शून्य शून्य”.

पुढचें काम सोपें होतें. पहारेकऱ्यास थांबविलें, पुस्तक बाहेर काढून त्याचीही प्रत घेतली, तें आंतून शाबूत असल्याची तपासणी केली, आणि जागेवर ठेवलें. मग ईएसई-युटिलला “पी” ऐवजीं “आर” हें अक्षर दिलें. कीर्दीवरून खतावणी पुरी कर, असा त्याचा अर्थ. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली. चार-पांच मिनिटें लागलीं असतील. पुन्हां पहिलें पान वाचलें: “क्लीन शटडाउन”.

पुस्तक सांपडलेंच नसतें तर? तर शेवटचा बॅकअप उतरवून त्यावर नंतरची सगळी उपलब्ध कीर्द चढविली असती, म्हणजे फार तर त्या एका पुस्तकापुरतें नुकसान झालें असतें. आणि काय गेलें तेंही वेळेवरून सांगतां आलें असतें. बॅकअपही नसेल आणि कीर्दही नसेल, तेव्हांच “पी”. तेंही प्रतीवर, आणि उघडलेल्या वहींतून सगळीं खातीं लगेच नव्या कोऱ्या डेटाबेसांत हलवावयाचीं, जुनी वही वापरांत ठेवावयाची नाहीं. मोठ्या कंपन्या आज एकाच वहीच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. एक्स्चेंजमध्यें ही सोय २०१० पासून आहे, आणि प्रतींची संख्या सोळापर्यंत नेतां येते. त्या प्रतीही पाठविलेल्या कीर्दीवरूनच क्षणोक्षणीं ताज्या केल्या जातात. आमच्या त्या २०१६ च्या आवृत्तीला कंपनी आधार देत असे तो १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. वहीची आणि कीर्दीची रीत मात्र पुढल्या आवृत्तींतही तीच आहे.

एक प्रश्न राहिला. वीज गेल्यापासून डेटाबेस उघडेपर्यंत जीं पत्रें लोकांनीं पाठविलीं त्यांचें काय झालें? तीं हरवत नाहींत. पाठविणाराच्या सर्व्हरला आमचें दार बंद दिसलें कीं तो पत्र स्वतःजवळ ठेवतो आणि थांबून थांबून पुन्हां दार ठोठावतो. निदान चार-पांच दिवस तरी त्यानें हा प्रयत्न सोडूं नये, असा या टपालाचा ठरलेला संकेत आहे. डेटाबेस उघडतांच तशीं पत्रें एकामागून एक येऊं लागलीं.

हिशेबनीस अजून उभेच होते. त्यांनीं वीज जाण्यापूर्वींचें अगदीं शेवटचें पत्र काढावयास सांगितलें. दहाला कांहीं मिनिटें कमी असतांना आलेला एक अर्ज होता. खालीं रुग्णालयाचें अंदाजपत्रक जोडलेलें. त्यांनीं तें उघडून तळाच्या रकमेपर्यंत वाचलें, छापून घेतलें, आणि आपल्या टेबलावरील गठ्ठ्यांत वर ठेवलें.

“एकही नाहीं,” मीं त्यांना सांगितलें.

बॅटरीपासून सर्व्हरकडे जाणारी ती तार मीं त्याच संध्याकाळीं जोडली. दुसरे दिवशीं नवी बॅटरी आली.